खानदेशातील ऊन पाणी : चूल, बंब व सौर जलतापक

मराठीत 'ऊन' हा एकच शब्द दोन कामे करतो. नाम म्हणून तो सूर्याच्या तापाचा वाचक आहे. विशेषण म्हणून तो 'गरम' ह्या अर्थी येतो. ऊन पाणी, ऊन भात, ऊन दूध असे आपण सहज म्हणतो. दोहोंचेही मूळ संस्कृत 'उष्ण' ह्या शब्दात आहे. भाषेने जे असे एकत्र नांदविले, ते व्यवहारात एकत्र येण्यास मात्र फार काळ लागला. ज्या प्रांतात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, त्या खानदेशात स्नानाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या तापले ते लाकडांवर, गोवऱ्यांवर आणि मुख्यत्वेकरून कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर. घराच्या धाब्यावर पडणारे ऊन धाब्यावरच राहिले. असे का झाले, आणि गेल्या काही दशकांत ते कोठवर पालटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास काहीसा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आंघोळीच्या पाण्याची सनद कोणी करून देत नाही, त्यावर तंटा होऊन महजर होत नाही, आणि दफ्तरखान्यांत त्याचे रुमालही सापडत नाहीत. जेम्स कॅम्बेल ह्याच्या संपादनाखाली १८८० मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशास वाहिलेला आहे. त्यात पिके, जंगले, बाजार, जाती ह्यांचे विपुल वर्णन आहे. परंतु घरातील इंधन हा विषय त्यात अन्य विषयांच्या ओघातच शोधावा लागतो. तरीही जंगलाचा इतिहास, कापसाचा इतिहास आणि घरबांधणीचा इतिहास हे तिन्ही प्रवाह ज्या ठिकाणी मिळतात, ते ठिकाण म्हणजे घराची न्हाणी होय, असे आमचे मत आहे.

खानदेशास निसर्गाने आयते ऊन पाणीही दिले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडे तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे उष्णोदकाचा झरा आहे. यात्रेकरू तेथे स्नान करतात व त्या पाण्यास गुणकारी मानतात. पण तीर्थातील उष्ण पाणी वेगळे व घरातील वेगळे. पहिल्यासाठी माणूस पाण्याकडे जातो; दुसऱ्यासाठी इंधन घरी आणावे लागते, आणि ते कोणीतरी डोक्यावरून आणावे लागते.

राजेशाहीतील उष्ण स्नानाचा एक नमुना जुन्या खानदेशाच्या राजधानीत, म्हणजे बुऱ्हाणपुरात, आजही पाहावयास मिळतो. हे शहर आता मध्य प्रदेशात आहे. परंतु फारुकी सुलतानांच्या काळी व त्यानंतर मोगलांच्या सुभ्यात ते खानदेशाचे हृदय होते. तेथील शाही किल्ल्यातील हमामखाना आणि १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान ह्याच्या कारकिर्दीत सिद्ध झालेली कुंडी भंडाऱ्याची भुयारी जलव्यवस्था ही दोन्ही एकाच दृष्टीने पाहिली पाहिजेत. सातपुड्याच्या उतारावरील पाझर भुयारांतून शहरात आणावयाचा, आणि वाड्यात तो अग्नीच्या साह्याने उष्ण करावयाचा, अशी ती योजना होती. त्या अग्नीस लाकूड पुरविणारे अरण्य जवळ होते व ते वाहून आणणारी माणसे हुकुमाची होती. सामान्य कुटुंबास ह्यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. हमामाची परंपरा वाड्यातच राहिली. ती खानदेशच्या घरात उतरली नाही.

घरात जे होते ते चुलीच्या अंगाने वाढले. मराठी घरातील चुलीस बाजूला एक लहान तोंड असते, त्यास वैल म्हणतात. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असता मागे जाणारी धग वैलावरील भांड्यास लागते. वैलावर पाण्याचे पातेले चढवून ठेवणे ही इतकी साधी गोष्ट आहे की तिच्यामागील विचार आपल्या ध्यानात येत नाही. वाया जाणारी उष्णता पुन्हा कामास लावणे ह्यास आजच्या परिभाषेत इंधनाची कार्यक्षमता म्हणतात. वैल हे तिचे घरगुती रूप होय. तान्ह्या मुलाच्या आंघोळीसाठी अंगणात पितळी भांडे उन्हात ठेवून पाणी कोमट करण्याची रीतही जुनीच आहे. परंतु ती दहा-अकरानंतर होणाऱ्या आंघोळीपुरती. घरातील कर्त्या माणसांचे स्नान पहाटे, देवपूजेपूर्वी व शेतावर जाण्यापूर्वी होणार. आणि त्या वेळी सूर्य उगवलेलाही नसतो. ही अडचण वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

चुलीनंतर आला बंब. हा शब्द पोर्तुगीजांतील 'बोंबा' म्हणजे पाणी उपसण्याचे यंत्र, ह्या शब्दाशी जोडला जातो. आगीच्या बंबाचे नावही तेच आहे. न्हाणीतील बंब म्हणजे तांब्याचे उभे भांडे, त्याच्या मध्यातून वर गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी व तिच्याखाली राख पडण्याची जागा. इंधन नळीत घातले जाते, पाणी नळीच्या भोवती असते, आणि खालच्या बाजूस तोटी असते. चुलीवरील हंड्यात ज्वाला भांड्याच्या बाहेर असते व तिची पुष्कळशी उष्णता हवेत जाते. बंबात ज्वालेस चहूबाजूंनी पाण्यानेच वेढलेले असते. तांबट कारागिरांच्या हातची ही वस्तू शहरातील वकील, व्यापारी, अधिकारी ह्यांच्या घरी आली, लग्नातील भांड्यांतही मानाने बसली. खेड्यात मात्र तांब्याची किंमत परवडणारी घरे थोडी होती. तेथे हंडा, तपेले आणि घंगाळे ह्यांवरच भागले. बंब हा शहराच्या व सुस्थितीच्या खुणांपैकी एक ठरला, आणि त्याबरोबरच न्हाणी ही स्वयंपाकघरापासून सुटी झाली.

आता इंधनाकडे वळू. येथे खानदेशाचा इतिहास इतर मराठी मुलखाहून वेगळा होतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याने धुळे येथे ठाणे करून इंग्रजी कारभार सुरू केला, तेव्हा प्रांताचा बराच भाग ओसाड होता आणि रान गावांच्या वेशीपर्यंत आलेले होते. इंधनाचा तुटवडा हा तेव्हाचा प्रश्न नव्हता. पुढील साठ वर्षांत ही स्थिती पार पालटली. जमीन लागवडीखाली आली, लोहमार्ग भुसावळास पोहोचला, आणि लोहमार्गास रूळपट्ट्यांसाठी लाकूड लागले. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या बाजारात कापसास अभूतपूर्व भाव आला व तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत कपाशीने पाय रोवले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था कडक केली. सातपुड्यातील भिल्ल-पावरा स्त्रियांनी डोक्यावर आणलेली मोळी यावल, चोपडे, शहादे येथील बाजारांत विकली जात राहिली. पण ज्या जंगलात जाणे पूर्वी वहिवाटीचे होते, तेथे आता रखवालदाराची मर्जी सांभाळावी लागू लागली.

अशा वेळी कपाशीने एक गोष्ट नकळत दिली. वेचण्या संपल्या की शेतात उभी राहिलेली झाडे, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून बांधावर व घरामागे रचून ठेवावयाच्या आणि वर्षभर जाळावयाच्या, ही खानदेशची रीत झाली. तुरीच्या तुराट्याही तशाच. पऱ्हाटी चटकन पेटते, भराभर जळते, तिचा निखारा टिकत नाही. मंद आचेवर शिजवावयाच्या अन्नास ती तितकीशी सोयीची नाही, परंतु पाणी उकळण्यास उत्तम. ज्या शेतकऱ्यास कापसाचे मोल बाजारात मिळत होते, त्यास इंधन त्याच झाडाच्या सांगाड्यातून फुकट मिळू लागले. 'फुकट' हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे.

थोडा हिशोब करून पाहू. पाच माणसांच्या घरात माणशी वीस लिटरप्रमाणे शंभर लिटर पाणी अठरा अंशांवरून त्रेचाळीस अंशांवर आणावयाचे, तर अडीच हजार किलोकॅलरी उष्णता लागते. वाळल्या काडीची उष्णता किलोस सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी धरली आणि उघड्या चुलीत तिचा दहावा हिस्साच पाण्यास मिळतो असे मानले, तर दररोज सात किलो काड्या जळतात. हिवाळा व पावसाळ्यातील गार दिवस मिळून दीडशे दिवस मोजले तर एका घरास वर्षाला एक टनाहून थोड्या अधिक पऱ्हाट्या लागतील. कपाशीच्या हेक्टरी दोन ते तीन टन काड्या निघतात. म्हणजे एक एकराच्या आसपास कपाशीचे सरण केवळ हिवाळ्यातील आंघोळींत जाते. हा हिशोब आमच्या गृहीतांवर उभा आहे व घरोघर त्यात फरक पडेल. पण त्यावरून प्रमाणाची कल्पना येते. त्या एकरातील पऱ्हाट्या उपटणे, मोळ्या बांधणे, वाहून आणणे, रचणे, पावसापासून झाकणे आणि पहाटे चारला उठून पेटविणे हे काम कोणत्याही खतावणीत नाही. ते बहुतेक घरच्या व सालदाराच्या बायकांनी केले. ज्या श्रमास भाव नाही, तो वाचविण्यासाठी कोणी पैसा घालीत नाही. आमच्या मते खानदेशात सूर्याच्या उष्णतेकडे दुर्लक्ष झाले त्याचे पहिले कारण येथेच आहे.

सूर्यशक्तीचा विचारच आपल्याकडे झाला नाही, असे मात्र नव्हे. मुंबई बेटावर विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या एका इंग्रज न्यायखात्यातील अधिकाऱ्याने १८७० नंतरच्या दशकात आरशांच्या साह्याने पाणी उकळून वाफ केली व तिच्यावर पंप चालवून दाखविला. त्याने केलेल्या सौर चुलीवर जानेवारीत सात शिपायांचे अन्न दोन तासांत शिजले, अशी नोंद आहे. 'सौर उष्णता : उष्ण कटिबंधीय देशांत इंधनास पर्याय' अशा अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक १८७८ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. वन कायद्याचे वर्षही तेच, हा योगायोग लक्षणीय आहे. जंगल राखण्याचा एक मार्ग सरकारने कायद्यात शोधला. दुसरा मार्ग त्याच सरकारचा एक नोकर कुलाब्यात आरसे मांडून दाखवीत होता. पहिला अमलात आला. दुसरा पुस्तकात राहिला.

अ‍ॅडम्सच्या यंत्रात आपल्या दृष्टीने एक मोठी उणीव होती. ऊन असेतो त्याची उष्णता. ऊन गेले की काही नाही. पहाटेच्या स्नानास त्याचा उपयोग नव्हता. ह्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत मिळाले. १८९१ मध्ये क्लेरेन्स केम्प ह्याने काचेच्या झाकणाच्या पेटीत पाण्याच्या काळ्या टाक्या ठेवून पहिला व्यापारी सौर जलतापक विकावयास काढला. परंतु रात्री ते पाणी निवत असे. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली ह्याने पाणी तापविण्याचा भाग व साठविण्याची टाकी ही दोन वेगळी केली, टाकी वर ठेवली आणि तिला उष्णतारोधक वेष्टन दिले. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते, थंड पाणी खाली येते, आणि सकाळपर्यंत टाकीतील पाणी ऊनच राहते. त्याने ह्या तापकास 'दिवस आणि रात्र' असे नाव दिले, ते सर्वस्वी सार्थ होते. आज आपल्या गच्च्यांवर दिसणारे यंत्र तत्त्वतः हेच आहे. सामान्यतः आरशांचा व काचेचा चमत्कार वर्णिला जातो. आम्हास टाकीभोवतीचे ते वेष्टन अधिक महत्त्वाचे वाटते.

तरीही यंत्र निघाले म्हणजे ते घरोघर जाते असे नाही. कोठे गेले ते पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर आज बहुसंख्य घरांवर, नव्वद टक्क्यांहून अधिक, सौर जलतापक आहेत. वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ पासून, हा उद्योग उभा राहिला. सरकारने त्याच्या कच्च्या मालावरील जकात माफ केली व पुढे विजेच्या तापकांवर कर बसविला. दोन्ही ठिकाणी ऊन विपुल आहे हे खरे. पण ऊन तर शेजारच्या पुष्कळ देशांतही आहे. बेटावर तेलाचा प्रत्येक थेंब जहाजातून येतो व त्याची किंमत प्रत्येक घरास कळते. तेथे सौर जलतापक रुजला तो इंधनाचे मोल उघडे पडले म्हणून. खानदेशात ते मोल पऱ्हाट्यांच्या ढिगाऱ्याआड झाकलेले होते.

दुसरे कारण ऋतुमानाचे आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. शंभर लिटरचा सौर जलतापक वर्षाला सुमारे दीड हजार युनिट वीज वाचवितो, असा आकडा सरकारी प्रचारात दिला जात असे. तो बारमाही वापर धरून केलेला आहे. वरील आपल्या हिशोबातील अडीच हजार किलोकॅलरी म्हणजे सुमारे २.९ युनिट, दीडशे दिवसांचे झाले ४३५. एप्रिल-मे महिन्यांत जळगावात नळाचे पाणीच इतके तापून येते की ते निववून घ्यावे लागते. म्हणजे सूर्य जेव्हा सर्वांत उदार असतो तेव्हा त्याचे दान घेण्यास कोणी नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा किमान पारा कित्येकदा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते आणि हे यंत्र उत्तम चालते, पण ते दिवस थोडे. बंगळूर हे उंचावरील शहर असल्याने तेथे वर्षभर ऊन पाण्याची गरज असते. म्हणून कर्नाटक ह्या बाबतीत देशात अग्रेसर राहिले. पुण्यातही हा प्रसार लवकर झाला. ज्या प्रांतास आपण उन्हाचे माहेरघर म्हणतो, तो मागे राहिला. ह्यात विसंगती काहीच नाही.

तिसरी गोष्ट घराची. खानदेशातील जुने घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे. सौर पेटी ठेवण्यास सपाट जागा आहे असे वाटेल. परंतु दरसाल पावसाळ्यापूर्वी माती टाकून जपावयाच्या त्या छतावर शंभर किलो पाणी, लोखंडी सांगाडा व गळू शकणारी नळजोडणी कोण चढवील? शिवाय सौर टाकीच्याही वर थंड पाण्याची टाकी असावी लागते व तीत पाणी असावे लागते. नळास काही दिवसांआड पाणी येणे हा धुळे व जळगाव ह्या दोन्ही शहरांचा दीर्घ परिचयाचा अनुभव आहे. ज्या घरात पाणी पिंपात व हौदात साठवून तांब्याने मोजून वापरावयाचे, तेथे सौर जलतापकाचा विचार दूरच राहतो. सिमेंटच्या गच्च्या, गच्चीवरील टाकी आणि घरातून फिरविलेले नळ हे तीन बदल आधी झाले, तेव्हाच पुढचा मार्ग मोकळा झाला. म्हणून जळगावातील नव्या वसाहतींत हे तापक दिसतात व जुन्या पेठांत क्वचित. विंधन विहिरींच्या जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचतो. दोन हजारनंतर काचेच्या निर्वात नळ्यांचे स्वस्त तापक बाजारात आले, त्यांच्या रुंद नळ्यांत ही अडचण कमी, म्हणून येथील कुटुंबांस ते अधिक मानवले.

मधल्या काळात विजेने आपले स्थान घेतले होतेच. भुसावळजवळ दीपनगर येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. बादलीत सोडावयाची विद्युत्-कांडी, मग भिंतीवरचा गीझर, पुढे गॅसचा गीझर असा क्रम लागला व बंब माळ्यावर गेला किंवा मोडीत निघाला. केंद्र सरकारने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचे वेगळे खाते काढले. १९८५ मध्ये महाराष्ट्रात 'महाऊर्जा' ही संस्था स्थापन झाली. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात जलतापकांचेही उद्दिष्ट होते, पण त्यांवरील अनुदान २०१४ मध्ये बंद करण्यात आले आणि सरकारचे लक्ष सौर विजेकडे वळले. ठिबक सिंचनासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावच्या जैन इरिगेशनने सौर जलतापक तयार केले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर वीज प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. उन्हाची वीज करून ती तारांतून शेकडो मैल धाडावयाची व तिने पुन्हा पाणी तापवावयाचे, हा मार्ग शास्त्रदृष्ट्या वाकडा आहे. उष्णता हवी असता उष्णताच घेणे सरळ. परंतु राज्यसंस्थेस एक मोठा प्रकल्प मोजता येतो, लाख गच्च्या मोजणे तिला जड जाते.

अलीकडे पऱ्हाट्यांच्या बाबतीतच एक नवे वळण आले आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. ही अळी शेतात राहिलेल्या किडक्या बोंडांत व रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत दडून पुढील हंगामापर्यंत टिकते. म्हणून फरदड घेऊ नये, वेचण्या संपताच झाडे उपटून नष्ट करावी किंवा यंत्राने बारीक करून खत करावे, घराजवळ व बांधावर ढीग ठेवू नये, असे कृषी खाते दरसाल बजावते. दीडशे वर्षे जे सरण फुकटचे म्हणून घरामागे उभे होते, त्याची किंमत अशा रीतीने प्रथमच शेतकऱ्याच्या हिशोबात आली. आणि ती आली कापसाच्याच उत्पन्नातून वजा होऊन. तरीही तो ढीग अनेक गावांत आजही दिसतो. तो हटवावयाचा तर न्हाणीत दुसरे काही आणावे लागेल. गॅसची टाकी भरण्यास रोख पैसा लागतो, सौर तापकास गच्ची, नळ व एकरकमी खर्च लागतो. कृषी खात्याचा सल्ला शेतापुरता असतो. पहाटेच्या पाण्याचे काय करावे हे त्यात नसते.